तेविसावा प्रश्न

अणिमादींच्या टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणात बारा महिने सात-आठ मफलर पडलेले असत. एक लाल, दोन तपकिरी, एक चौकड्यांचा, एक कुणाच्या तरी आजीने विणलेला. सगळे जप्त केलेले. कोलकात्यात डिसेंबर लागला की लोक मंकी कॅप बाहेर काढतात, आणि थंडी शरीरात शिरते ती गळ्यातूनच, यावर साऱ्या शहराचं एकमत आहे. त्यात ज्याच्या मानेचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे त्याचा गळा उघडा ठेवायचा, हे घरच्यांना पटणं कठीण. अणिमादी पटवायच्या भानगडीत पडत नसत. पेशंट लिफ्टपाशी आला की त्या समोर उभ्या राहत, दोन बोटांनी मफलर अलगद सोडवत आणि आपल्या कोटाच्या खिशात कोंबत.

"आज टीव्ही बघायचा नाही," त्या पेशंटच्या बायकोला सांगत. "यांचा गळा बघायचा. सूज आली, आवाज बदलला, पाणी गिळता येईना, की मला फोन. मफलरच्या आत काय चाललंय ते दिसणार आहे का तुम्हाला?"

"पण दिदि, थंडी लागेल ना."

"लागू दे. सर्दीचं औषध आहे माझ्याकडे."

मफलर परत मिळायचा तो आठव्या दिवशी, टाके दाखवायला आल्यावर. काही लोक विसरून जात. ते खणात राहिले.

मी त्या रुग्णालयात याद्यांच्या कामावर आहे. माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली आम्हाला कोलकात्याला घेऊन आली, बालीगंजला घर मिळालं, मुलीची शाळा जवळ होती, आणि मी घराजवळ मिळाली ती नोकरी धरली. नियम लेखी ठेवायचे, फॉर्म तयार करायचे, कुठे काय राहून गेलं ते शोधायचं, हे माझं काम. मला ते आवडतं. घरीही माझ्या फ्रिजवर तीन याद्या असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मानेच्या मणक्याची नवी पद्धत सुरू झाली. मानेतली गादी सरकून नसांवर दाब येतो, हात बधिर होतात, दुखतात. गळ्याच्या पुढच्या बाजूने छोटी चीर देऊन ती गादी काढतात. पूर्वी यासाठी माणूस चार-पाच दिवस पडून राहायचा. नव्या पद्धतीत सकाळी यायचं, संध्याकाळी आपल्या पलंगावर झोपायला जायचं. ऐकायला चमत्कार वाटतो, पण त्यात जादू काही नाही, सगळी तयारी आहे. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नाही, दोन तास आधी गोड पाणी द्यायचं, गुंगीची औषधं बेताची वापरायची, शुद्धीवर आल्यावर दोन तासांत चालवायचं, मऊ अन्न खायला घालायचं, जिना चढवून बघायचा. मग सायंकाळी एक फोन आणि सकाळी एक. फॉर्म मी केला. त्यात बावीस प्रश्न होते. बाकी सगळं अणिमादींनी केलं.

त्या पन्नाशीच्या शेवटाला आलेल्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या. केसांना भरपूर तेल, पायांत पुरुषी चपला. तीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलेलं नव्हतं. डमडमला थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. मला त्या 'शुनीता' म्हणत. आमचं बोलणं हिंदी आणि बंगाली यांच्या मिसळीत चाले, पण मला ते आता मराठीतच आठवतं.

पेशंट पहिल्यांदा आला की डॉक्टर एमआरआय बघत. अणिमादी हात बघत. त्यांच्या डाव्या बांगडीत चार-पाच सेफ्टी पिना अडकवलेल्या असत. त्यातली एक काढून त्या पेशंटला देत आणि म्हणत, "ही तुमच्या कपड्याला लावून दाखवा." मग नुसत्या बघत बसत. कुणी पटकन लावी. कुणी पिन हातात घेऊन अंगठा शोधत राही. मान कुठवर बिघडली आहे हे त्यांना त्यावरून कळे.

एकदा एक बाई आली, सोबत नवरा. बाईंनी पिन लावली. नवरा हसून म्हणाला, "ही शिवणकाम करते, हिला काय अवघड आहे?" अणिमादींनी दुसरी पिन काढून त्याच्यापुढे धरली. "मग तुम्ही करा ना." गंमत चालली आहे असं समजून त्याने ती घेतली. तीनदा खाली पाडली. चौथ्यांदा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बायकोची मान गोळ्यांवर निभावली. ऑपरेशन नवऱ्याचं झालं.

"मान ओरडते तेव्हा लोक येतात," त्या मला म्हणाल्या होत्या. "हात आधीपासून कुजबुजत असतात. ते कुणी ऐकत नाही."

त्यांच्या बोलण्यात दिदि फार यायची. दिदि म्हणजे ती थोरली बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. "दिदि म्हणते, भूक लागली की माणूस बरा झाला." "दिदि म्हणते, आजाऱ्यासमोर घड्याळ बघू नये." वॉर्डातल्या नव्या मुलींना दिदीची वचनं पाठ झाली होती. मी कधी डमडमला गेले नव्हते, पण माझ्या मनात ती दिदि पक्की होती. ताठ पाठीची, चष्मा लावलेली, संध्याकाळी दार उघडून "उशीर का?" विचारणारी. कारण अणिमादी साडेपाचला निघायच्या म्हणजे निघायच्याच. साहेब बोलत असले तरी पर्स खांद्याला. सायंकाळचे फोन त्या घरून करत.

आमच्या याद्यांवर त्यांचा विश्वास होता, पण त्या यादीतला प्रश्न यादीसारखा कधी विचारत नसत. साताऱ्याचे एक काळे नावाचे गृहस्थ आले होते, सत्तरीचे. मुलगा लष्करात, फोर्ट विल्यमला पोस्टिंग. काळेकाका मुलाकडे पाहुणे म्हणून आले आणि इथे हात लुळे पडायला लागले. त्यांना मराठीशिवाय दुसरं काही बोलायचं नव्हतं, म्हणून मला बोलावलं. सकाळी सहा वाजता अणिमादींनी त्यांच्यापुढे साखरपाण्याचा ग्लास धरला. काकांनी तोंड फिरवलं.

"ऑपरेशनच्या आधी थेंब घ्यायचा नसतो. माझ्या हर्नियाच्या वेळी आदल्या रात्रीपासून निर्जळी होतो मी. या बाईंना माहीत नाही का?"

मी भाषांतर केलं.

"त्यांना विचार," अणिमादी म्हणाल्या, "हर्नियाच्या वेळी ऑपरेशननंतर डोकं दुखलं होतं? उलट्या झाल्या होत्या?"

"झाल्या होत्या. तीन दिवस." काका जरा अभिमानानेच म्हणाले.

"मग सांग, या वेळी मला तसली साफसफाई करायची नाही."

सूनबाई तोंडाला पदर लावून हसल्या. काकांनी ग्लास घेतला, वास घेतला, आणि मला म्हणाले, "बाई जरा आगाऊ आहे." मी तेही भाषांतर केलं. अणिमादींनी मान डोलावून मान्य केलं.

दुपारी जिन्याची वेळ आली. घरी जाण्याआधी बारा पायऱ्या चढून उतरून दाखवायच्या, हा नियम. काका परक्या बाईच्या खांद्यावर हात ठेवायला तयार होईनात, आणि कठड्याला धरायचं तर बोटांत जोर नव्हता. दोन मिनिटं सगळे खोळंबले. मग अणिमादी पहिल्या पायरीवर जाऊन थांबल्या आणि घाबऱ्या आवाजात मला म्हणाल्या, "त्यांना सांग, मला चक्कर आल्यासारखं होतंय. मला जरा धरतील का?" काकांनी लगेच त्यांचा दंड पकडला. बारा पायऱ्या वर, बारा खाली. "सावकाश, बाई, सावकाश," असं काका सांगत होते. खाली आल्यावर अणिमादींनी त्यांच्या कागदावर खूण केली. काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीत बसताना ते मला म्हणाले, "त्या बाईंना रक्तदाब तपासायला सांगा."

हे सगळं मी सांगते आहे, कारण त्यांच्या हातांबद्दल सांगायचं टाळते आहे.

त्यांच्या बांगडीतल्या पिना केव्हा गेल्या ते मला माहीत नाही. एका पेशंटपुढे त्यांनी पिनांची डबी सरकवलेली पाहिली आणि मला वाटलं, बरं झालं, बांगडीतली पिन देणं स्वच्छतेच्या नियमात बसत नव्हतंच. नोंदवहीत त्यांचं गोल, सुटं अक्षर येणं बंद झालं. एका शिकाऊ मुलीचं अक्षर दिसायला लागलं. मी मनात म्हटलं, पुढची पिढी तयार करताहेत. माझ्या वार्षिक अहवालात मी ते चांगल्या गोष्टींच्या यादीत घातलंसुद्धा.

फाटकासमोर एक चहाची टपरी आहे. चार वाजता आम्ही दोघी तिथे जायचो. चहा मातीच्या पेल्यात. पिऊन झाला की पेला टोपलीत फेकायचा, तो फुटतो, दिवसभर फुटतच असतात, तिथे कुणी त्या आवाजाकडे वळून बघत नाही. एक दिवस अणिमादींचा पेला फुटला तेव्हा मीही बघितलं नाही. मग माझ्या पायावर काहीतरी गरम पडलं. पेला भरलेला होता.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्या पेला धरल्यासारखाच हात धरून उभ्या होत्या.

"किती दिवस?" मी विचारलं.

"चहा गरम होता."

"अणिमादी, किती दिवस?"

त्यांनी टपरीवाल्याला दुसरा चहा सांगितला. "वर्ष झालं असेल. डावा आधी. आता उजवाही."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"त्यांनीच एमआरआय केला. दोन मणक्यांच्या मध्ये दाबलं गेलंय, चांगलंच. म्हणाले, उद्या टेबलवर ये."

"मग?"

"मग पूजा आलीय ना तोंडावर. पूजेनंतर बघू."

पेशंटना काय सांगायचं ते आम्हा दोघींनाही पाठ होतं. नस दाबली गेली आहे तोवर रोज थोडं थोडं जातं. ऑपरेशनने पुढचं जाणं थांबतं, गेलेलं परत येईलच असं नाही. हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर शंभर जणांना ऐकवलं होतं. मी ते त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, जणू मी नीट पाठ केलंय की नाही ते तपासत होत्या.

दुर्गापूजा झाली. कालीपूजा झाली. मी दर सोमवारी विचारत असे, "तारीख?" त्या म्हणत, "अमुक पेशंटचं होऊ दे." थंडी आली, मफलर जप्त होऊ लागले, पण आता गाठ सोडवायला त्या शिकाऊ मुलीला पुढे करत. शेवटी मी डायरी घेऊन त्यांच्या टेबलाशी बसले.

"तुम्हाला भीती वाटते का?"

"ऑपरेशनची? वेडी आहेस."

"मग दोन दिवस भरती व्हा. त्याच दिवशी घरी जायलाच पाहिजे असं नाही. वरच्या मजल्यावर खोली देऊ. सगळ्या तुमच्याच मुली आहेत."

"भरती नाही," त्या इतक्या पटकन म्हणाल्या की मी डायरीतून मान वर काढली. मग हसल्या. "चार वर्षं लोकांना सांगतेय, घरच्या पलंगासारखं औषध नाही. आणि मी स्वतः इथे झोपू? लोक काय म्हणतील? त्याच दिवशी घरी जाणार असेन तर लिही तारीख."

मला ते पटलं. उलट आनंद झाला. फेब्रुवारीतली तारीख लिहिली आणि तिथेच फॉर्म भरायला घेतला. एकेक प्रश्न मी वाचत होते आणि त्या उत्तर देत होत्या, तोंडपाठ, कधी कधी प्रश्नाच्या आधीच. चौदावा प्रश्न होता: पहिल्या रात्री घरी दुसरी सज्ञान व्यक्ती असेल का?

"दिदि आहे," त्या म्हणाल्या.

"वय?"

"चौऱ्याहत्तर."

"रात्रभर असतील?"

"कुठे जाणार?"

मी खूण केली. पंधरावा प्रश्न लिफ्टचा होता.

ऑपरेशन चांगलं झालं. सकाळी सहाला आल्या, आपलं साखरपाणी आपणच मागून घेतलं. दुपारी एकला चालल्या, दोनला मऊ भात आणि डाळ खाल्ली, बारा पायऱ्या केल्या. शिकाऊ मुलीने पिन पुढे धरली तेव्हा सगळा वॉर्ड गोळा झाला. त्यांना वेळ लागला, पण लागली. टाळ्या वाजल्या. त्यांनी मुलींना दटावलं आणि घड्याळाकडे पाहिलं. आजाऱ्यासमोर घड्याळ बघू नये म्हणणाऱ्या बाई स्वतः आजारी असताना दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघत होत्या. पाचच्या आत गाडी हवी, असा धोशा लावला होता. मी म्हटलं, एवढी काय घाई? त्या म्हणाल्या, "ट्रॅफिक."

त्या दिवशी सायंकाळचा फोन कुणी करायचा हे माझ्या यादीत नव्हतं, कारण तो नेहमी त्याच करायच्या. हे माझ्या दुपारी लक्षात आलं आणि मी तो स्वतःकडे घेतला. सात वाजता कागद पुढे ठेवून फोन लावला. आवाज स्वच्छ. पाणी गिळता येतंय. श्वास ठीक. मागून कुणीतरी म्हातारी बाई हाका मारत होती, "अणु, ओ अणु."

"दिदि आहेत ना जवळ?" मी विचारलं.

"हो. मला एक मिनिट सोडत नाही."

"छान," मी म्हटलं आणि खूण केली.

सकाळी आठ वाजता फोन शेजारच्या बाईंनी उचलला.

दिदीला सहा वर्षांपासून विस्मरणाचा आजार होता. शेवटच्या दोन वर्षांत ती अंथरुणातून स्वतः उठू शकत नव्हती, आणि अणुशिवाय कुणालाच ओळखत नव्हती. दिवसा एक आया यायची, ती संध्याकाळी सातला जायची. रात्री घरात परका माणूस दिसला की दिदि किंचाळायची. ज्या वचनांवर आमच्या नर्स मुली शिकल्या, ती वचनं दिदि फार पूर्वी कधीतरी बोलली होती. आता ती "अणु" आणि "भात" एवढंच बोलायची. पहाटे घर सोडून संध्याकाळी आया जायच्या आत परत पोचायचं, असं एकच ऑपरेशन जगात होतं, आणि त्याचे कागद मी केले होते. त्या सकाळी, आया यायच्या आधी, दिदीला उठवून कमोडवर बसवताना दिदीने त्यांच्या मानेला मिठी मारली आणि दोघी मिळून पडल्या. दिदीला खरचटलंही नाही. ती वर होती.

दुसरं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. पाय वाचले, पुढे त्या आधाराने चालूही लागल्या. हात गेले.

आठवड्याने मी त्यांच्या पलंगाशी बसले होते. गळ्याला कॉलर, दोन्ही हात चादरीवर, जसे कुणी ठेवले होते तसे. मी फार विचार करून आले होते आणि तरी पहिलं वाक्य तेच निघालं.

"माझ्याशी खोटं का बोललात?"

"खोटं?" त्यांचा आवाज खरखरीत झाला होता. "दिदि घरी होती की नव्हती?"

"अणिमादी."

"तू विचारलंस, कोण असेल. कोण कुणाला उठवतं, ते तुझ्या कागदात नव्हतं." रागाचा लवलेशही नव्हता त्यात. एखाद्या नव्या मुलीला सलाईनची नळी कुठे चुकली ते दाखवावं तसं सांगत होत्या. "मी सांगितलं असतं तर तू ऑपरेशन होऊ दिलं असतंस?"

"मला सांगायचं होतंत. मी आले असते रात्री राहायला."

त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. मान वळवता येत नव्हती.

"आली असतीस?"

मी हो म्हटलं. आज मला ते खात्रीने सांगता येत नाही. फेब्रुवारीत मुलीची परीक्षा होती, बालीगंजहून डमडम म्हणजे शहराचं दुसरं टोक. मी बहुतेक एखाद्या आया पुरवणाऱ्या केंद्राचा नंबर शोधून दिला असता, आणि काम झालं म्हणून खूण केली असती. त्यांनाही ते ठाऊक असावं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "कागद आहे ना तुझ्याकडे? तुझ्याकडे नसेल असं होणार नाही. लिही."

मी पेन काढलं.

"त्या रात्री घरी तुमच्यावाचून कुणाचं अडणार आहे का?" त्यांनी सांगितलं. "असंच लिही. आणि हा प्रश्न एकट्याला विचारायचा. नवऱ्यासमोर नाही, मुलासमोर नाही. आणि उत्तर आल्यावर लगेच पुढचा वाचायचा नाही. थांबायचं."

तो आता आमच्या फॉर्ममध्ये तेविसावा आहे. मी तो स्वतः विचारते. तान्हं नातवंड, अंथरुणाला खिळलेली सासू, दारू पिणारा मुलगा, आंधळा भाऊ. लोक आधी "नाही" म्हणतात. थांबलं की सांगतात.

नोकरी अर्थातच गेली. वर्षभराने लांबच्या नात्यातल्या एका भाचीने दोघींना कृष्णनगरला आपल्याकडे नेलं. तिथे दिदि पावसाळ्यात गेली, आणि दिदीनंतर पाचव्या महिन्यात अणिमादी, साध्या न्यूमोनियाने. भाचीचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. दोन ओळींत सांगता येण्यासारखं होतं, तिने दोन ओळींतच सांगितलं. मी कृष्णनगरला कधी गेले नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते डमडमच्या घरात, त्या निघायच्या आठ दिवस आधी.

दुपारची वेळ होती. दार शेजारच्या बाईंनी उघडून दिलं. दुपारच्या आयेची लोकल कुठेतरी अडकली होती आणि ती दोन तास उशिरा येणार होती. खोलीत सामान बांधून ठेवलेलं. पलंगाच्या कडेला दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या, भिंतीला उशा लावून. दिदि लहानखुरी, पांढऱ्याशुभ्र कापलेल्या केसांची. मी मनात उभी केली होती तिच्याशी काही साम्य नव्हतं. समोर स्टुलावर झाकलेली थाळी. मऊ भात, डाळ, उकडलेला बटाटा, काटे काढलेल्या माशाचा एक तुकडा. शेजारच्या बाईंनी बारा वाजता आणून ठेवलेली, तशीच.

"बरी आलीस," अणिमादी म्हणाल्या. "हिला भरव."

मी चमचा घेतला. दिदीने तोंड घट्ट मिटलं आणि माझ्याकडे अशा भीतीने पाहिलं की माझा हात थांबला.

"चमचा नको. हात धू. हाताने कालव."

मी हात धुतले, भात कालवला, घास केला. दिदीने तोंड उघडलं नाही. भिंतीकडे सरकू लागली. तिच्या घशातून बारीक आवाज यायला लागला होता.

"शुनीता, इकडे ये. माझ्या बाजूने बस. हां. आता माझा उजवा हात उचल आणि तुझ्या मनगटावर ठेव."

मी डाव्या हाताने त्यांचा हात उचलला. तो गार होता, आणि मला वाटलं होतं त्याहून जड. माझ्या मनगटावर पालथा ठेवला. त्यांची बोटं माझ्या बोटांवर पडली, घास मधे.

"आता ने. हळू."

दिदीने त्या हाताकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं.

"घाई नको," अणिमादी माझ्या कानाशी म्हणाल्या. आम्ही तिघीही एका ओळीत बसलो होतो. "गळा बघ. गिळू दे."

मी गळा बघत राहिले. सुरकुतलेल्या कातडीखाली काहीतरी हललं, वर गेलं, खाली आलं.

"तुमचं जेवण?" मी विचारलं. थाळी एकच होती.

"माझं नंतर," त्या म्हणाल्या. त्यांची नजर बहिणीच्या गळ्यावरून हलली नव्हती. "गेला. आता दुसरा. जरा छोटा कर."